डब्यातल्या चिठ्ठ्या

प्रमिला वसावे. हे नाव आधी लिहून ठेवते, मग बाकीचं. माझी नोकरी राहिली ती तिच्यामुळं. ती तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि मी त्याच कॉलेजच्या गेटवर खाकी पँट घालून उभी असायची. आमचं नातं म्हणाल तर एवढंच, की ती आत जाताना आयकार्ड दाखवायची आणि मी बघायची. इतर पोरं लांबूनच कार्ड हलवून जायची. ही थांबून, कार्ड माझ्या हातात देऊन, परत घेऊन जायची. मला त्याचाही संशय यायचा. एवढी सरळ वागते म्हणजे हिच्या बॅगेत काहीतरी असणार.

परवापासून पुन्हा वारा फिरला आहे. नंदुरबारमध्ये थंडी पडली की शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानांवर, ओली लाल मिरची पसरतात. डोळ्यांना दिसते त्याच्या कितीतरी आधी ती नाकाला कळते. दुपारी वारा तिकडून सुटला की गेटवरच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाचा घसा धरतो. पोरं शिंकत शिंकत आत येतात. रिक्षावाले तोंडाला रुमाल बांधून सीट मोजतात. इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही, "हंगाम शे" म्हणतात आणि नाक पुसून कामाला लागतात. मला मात्र दर वर्षी हा वास आला की एकदम सावध व्हायला होतं. कुणीतरी कुठंतरी काहीतरी लपवतंय असं वाटायला लागतं. मिरचीचा आणि लपवण्याचा काय संबंध? माझ्या डोक्यात तो त्या एका हंगामानं जोडून दिला, तो आता सुटत नाही.

मी गडहिंग्लजकडची. आमच्याकडंही मिरची, संकेश्वरी, लांब, सुरकुतलेली, तिखटापेक्षा रंगाला देखणी. आई ती माळवदावर वाळत घालायची आणि कावळ्यांपेक्षा आम्हा पोरींवर जास्त लक्ष ठेवायची. आठवीनंतर माझी शाळा सुटली. हायस्कूल ओढ्यापलीकडं होतं, पावसात पाणी चढायचं, आणि एका पावसाळ्यात वडील म्हणाले, आता बास. मी रडल्याचं आठवत नाही. दप्तर खुंटीला अडकवलं ते बरेच दिवस तसंच होतं, एवढं आठवतं.

लग्न झाल्यावर ह्यांना एका ओळखीच्या ठेकेदारानं मिरचीच्या कांडपावर बोलावलं. संकेश्वरकडचा माणूस, म्हणजे मिरचीतलं कळत असणार, हा त्याचा हिशेब. आम्ही रेल्वेनं, मग बसनं, मग पुन्हा रेल्वेनं असं करत इथं उतरलो. मिरचीतलं कळतं म्हणून आणलेला माणूस पहिल्याच हंगामात मिरचीनं आजारी पडला. दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, धूळ बंद. हे घरी बसले आणि घर माझ्या गेटवर आलं. एका गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीला कॉलेजसाठी बाई हवी होती. सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी मला गेटाबाहेर उभं करून शिकवण दिली.

"मॅडम, एक ध्यानात ठेवा. बाहेरचा चोर शे ना, तो घाबरतो. आतली पोरं घाबरत नाहीत. कोणावर इश्वास ठेवायचा नाही."

"सरांवर?"

"सरांवर तर बिलकुल नाही," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मग गंभीर झाला. मागच्या परीक्षेत मुलांच्या बाथरूमच्या खिडकीत कॉपीच्या चिठ्ठ्या सापडल्या होत्या. त्या वेळचा गार्ड दुसऱ्या दिवसापासून दिसला नाही. "चिठ्ठी सापडली की गार्ड गेला. एवढा सोपा हिशेब."

हा हिशेब मी पदराला गाठ मारावी तसा बांधून घेतला. पदर नव्हता तरी. माझ्यासारखीला संशय घ्यायला पगार मिळतो याची गंमत वाटायला हवी होती. पण मी मुळातच घाबरट. घरी दूध उतू गेलं तरी वाटायचं, कुणीतरी मुद्दाम गॅस मोठा केला. हे खोकत खोकत म्हणायचे, "तुला एजन्सीनं शिकवायची गरजच नव्हती. तू तर माझ्या खोकल्यावरपण संशय घेतीस."

त्या हंगामात कॉलेजचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं आणि संमेलनानंतर लगेच परीक्षा. कॉलेजात सगळीकडं ढोलाचा सराव, रांगोळीची पोती, ओरडाआरडा. त्यात चार-पाच पोरांचं एक टोळकं मात्र आवाज न करता फिरायचं. तेच मला खुपलं. ओरडणारी पोरं काही करत नाहीत, गप्प पोरं करतात. त्यांचा पुढारी ब्राह्मणपुरीचा भूषण, उंच, केळीच्या बागायतदाराचा मुलगा, बोलण्यात थट्टा आणि पायात कायम नवे बूट. तो सायकल स्टँडच्या पत्र्याखाली वाकून बघायचा. पाण्याच्या कूलरच्या मागं हात घालायचा. निंबाच्या पाराभोवती पावलं टाकत चालायचा आणि वहीत काहीतरी टिपायचा. मी जवळ गेले की वही बंद.

"चाल चाल, ती देखी ऱ्हायनी," तो दुसऱ्याला म्हणायचा. तोवर मला इथली भाषा एवढी कळायला लागली होती. मी बघते आहे हे त्याला नको होतं, म्हणजे बघण्यासारखं काहीतरी होतं.

एक दिवस तो सरळ केबिनशी आला. "मावशी, तुम्ही जेवाले कवय जातस?"

मी तिशीची. मावशी म्हटलं की माझं डोकं फिरायचं, पण प्रश्नानं जास्त फिरलं. "का? तुला काय करायचंय?"

"काही नई. सहज इचारनं. आनि मावशी, त्या मागच्या भिंतीचा कॅमेरा चालू शे का नुसता टांगेल शे?"

आता सांगा. गार्ड जेवायला कधी जाते आणि कॅमेरा चालू आहे का, हे दोन प्रश्न एका दमात विचारणाऱ्या माणसाला तुम्ही काय समजाल? मी त्या दिवसापासून उभ्यानंच जेवायला लागले, डबा केबिनच्या खिडकीत ठेवून, एक डोळा पारावर आणि एक सायकल स्टँडवर.

प्रमिला त्या टोळक्यात आहे हे मला उशिरा कळलं. ती सातपुड्यातली, धडगावच्याही वरच्या एका पाड्यावरची. घरी पावरी बोलायची, मैत्रिणींशी अहिराणी आणि माझ्याशी शाळेतलं मराठी, एकेक शब्द ठेवून ठेवून. तिचं मराठी माझ्यासारखंच परक्या गावात आलेलं होतं. म्हणून मला ती त्यातल्या त्यात बरी वाटायची. मग एका दुपारी मी तिला बागेच्या नळामागं खाली वाकलेली पाहिली. ती उठली, मला बघितलं आणि ओढणी झटकत म्हणाली, "ताई, माझी रिंग पडली होती."

तिच्या कानात दोन्ही रिंगा होत्या.

त्या दिवशी वारा पथारीकडून इतका सुटला होता, की डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. मी मनात म्हटलं, हीपण. मला राग आला नाही, वाईट वाटलं. कार्ड हातात देऊन जाणारी एकच होती, तीपण.

पुढच्या सकाळी कॉलेज भरायच्या आधी मी सायकल स्टँडच्या पत्र्याखाली हात घातला. रबरानं बांधलेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी हाताला लागली. उलगडून वाचली. "आम्लात लाल होतो, अल्कलीत निळा. माझ्या घराच्या पायरीखाली बघ."

दुसरा कुणी असता तर त्याला यातलं काही कळलं नसतं आणि कदाचित त्यानं ती तिथंच ठेवली असती. पण मला लिटमस आठवत होता. आठवीच्या वर्गात आमच्या बाईंनी लिंबाच्या रसात निळी पट्टी बुडवून लाल करून दाखवली होती. माझ्या शाळेतल्या फार थोड्या गोष्टी माझ्याकडं शिल्लक राहिल्या, त्यातली ही एक. म्हणजे हे विज्ञानाचं उत्तर आहे. म्हणजे कॉपी आहे. खात्रीच पटली. पायरी, घर हे शब्द मी खुणेचे समजले. चोर खुणा वापरतातच.

मग मी सगळ्या जागा पालथ्या घातल्या. कूलरमागं एक. पाराच्या फटीत एक. नळाखाली एक. प्रयोगशाळेच्या पायरीखाली, वाचनालयाच्या कुंडीत, झेंड्याच्या चौथऱ्याला चिकटवलेली. पानाचं स्वयंपाकघर कोण चालवतं, एकाच पोटात सात रंग कुणाच्या, असलं काय काय. त्या चिठ्ठ्या ठेवायला माझ्याकडं पिशवी नव्हती. डब्यातल्या भाकऱ्या काढून कागदात बांधल्या आणि चिठ्ठ्या डब्यात भरल्या.

डबा छातीशी धरून मी केबिनमध्ये बसले आणि माझी खरी परीक्षा तिथं सुरू झाली. दाखवल्या, तर म्हणतील तुझ्या गेटातून आत गेल्याच कशा? नाही दाखवल्या आणि दुसऱ्या कुणाला एक जरी सापडली, तर मी गेले. फाडून टाकल्या, तर फाडताना कुणी बघेल. बाहेर नेल्या, तर माझ्याच डब्यात सापडतील. घरी हे भिंतीला टेकून बसलेले दिसत होते. खोलीमालकिणीचा चेहरा दिसत होता. इथून गावाकडं जायचं म्हटलं तर रेल्वे, बस, रेल्वे असा उलटा प्रवास आणि पुढं उत्तर काय द्यायचं, नोकरी का गेली? चिठ्ठ्यांमुळं. कुणाच्या? माहीत नाही.

शेवटी मी उपप्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले आणि डबा त्यांच्या टेबलावर उघडला. लसणाच्या चटणीचा वास सुटला. सरांनी नाकाला रुमाल लावून एक चिठ्ठी उचलली, वाचली, दुसरी वाचली. त्यांचा चेहरा लाल झाला.

"सायन्सची पोरं! बघा, लिटमस!"

मला इतकं हायसं वाटलं. शिकलेल्या माणसालाही तेच वाटलं जे मला वाटलं. सर उठले, थेट मैदानाच्या माइकवर गेले. तिथं सगळं कॉलेज गोळा झालेलं, हातांना रंगीत रिबिनी बांधलेली, गटागटानं उभी पोरं. ती का जमली आहेत हे सरांनी विचारलं नाही. "कॉपीच्या चिठ्ठ्या पकडल्या गेल्या आहेत. एकही विद्यार्थी गेटाबाहेर जाणार नाही. सगळ्यांच्या बॅगा तपासल्या जातील."

मग कुठूनतरी भूषणचा आवाज आला, रडवेला आणि हसरा एकाच वेळी. "सर, त्या ट्रेझर हंटच्या शेत!"

आणि सगळं कॉलेज हसलं. रिबिनी बांधलेले ते एवढे हात, सगळे तोंडावर गेले. संमेलनाचा कार्यक्रम होता तो. चिठ्ठीवरून पुढची जागा ओळखायची, तिथं पुढची चिठ्ठी, असं करत शेवटी बक्षीस शोधायचं. विज्ञान मंडळाची पोरं म्हणून कोडी अभ्यासातली केलेली. महिनाभर जागा हेरून, कोडी जुळवून केलेला खेळ मी एका सकाळी डब्यात भरला होता.

सर हसले नाहीत. माइकवर ते बोललेले होते, आणि बोललेलं परत घेता येत नव्हतं. केबिनमध्ये आल्यावर सगळा राग माझ्याकडं वळला. "तुम्हाला वाचता येत नाही का? कोणी ठेवलं तुम्हाला इथं? एजन्सीला फोन लावतो, उद्यापासून दुसरा माणूस पाठवा म्हणून." त्यांनी फोन उचललासुद्धा. मला वाचता येत होतं, वाचता येत होतं म्हणूनच हे झालं, असं सांगायचं होतं. मी नुसती डब्याचं झाकण लावत होते आणि ते लागत नव्हतं.

तेवढ्यात प्रमिला दारात आली. परवानगी न विचारता आत आली. ही पोरगी परवानगीशिवाय कुठं पाऊल टाकत नसे.

"सर, गेटवर आधी सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी सांगितलं नाही."

"विसरलीस?"

"नाही सर. मुद्दाम नाही सांगितलं." तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. "मला वाटलं, या कुणाला तरी जागा सांगून देतील. मागच्या वर्षी असं झालं होतं. मी त्यांच्यावर संशय घेतला. त्यांनी त्यांचं काम केलं."

फोनच्या पलीकडं कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. सरांनी फोन खाली ठेवला. पण राग कुणाच्या तरी नावावर लिहायचाच होता. संमेलनाच्या मुख्य दिवशी माइकवरून सगळा कार्यक्रम बांधायचं, निवेदनाचं काम प्रमिलाला मिळालं होतं. त्यांच्या पाड्यावरून एवढ्या मोठ्या स्टेजवर बोलणारी ती पहिली. सर म्हणाले, "मग निवेदन दुसरं कोणी करेल."

"हो सर," ती म्हणाली आणि गेली.

मी बाहेर येऊन गेटवर उभी राहिले. नोकरी होती. माझ्या पोटात मात्र सुटका झाल्याचं सुख नव्हतं. तिनं मला वाचवलं होतं आणि त्याच वाक्यात माझ्या तोंडावर सांगितलं होतं, की मी तुम्हाला फितूर समजत होते. कुठल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा? आणि तिनं हे केलं का? फुकट कोण कुणासाठी करतं? मी वाट बघायला लागले. आता ही एक दिवस येईल आणि मागेल. उशिरा आत सोडा म्हणेल, बाहेरचं कुणी आत आणू द्या म्हणेल, आणि मला नाही म्हणता येणार नाही.

ती आली, कार्ड माझ्या हातात दिलं. मी न राहवून विचारलं, "तुला काय पाहिजे, सांगून टाक."

"कार्ड, ताई," ती म्हणाली. "परत द्या. लेक्चर आहे."

खेळ दोन दिवसांनी नव्यानं झाला. या वेळी जागा मला आधी सांगितल्या. भूषणनं स्वतः येऊन, माझ्या कानाशी, अशा ऐटीत जशी काही तिजोरीची किल्ली देतोय. ते दोन दिवस म्हणजे छळ होता. मला नमस्कार करणारा प्रत्येक मुलगा जागा काढून घ्यायला आलाय असं वाटायचं. चहा आणून देणाऱ्याचा चहा मी ओतून दिला. खेळाच्या शेवटी भूषणनं माइकवर जाहीर केलं, "पहिला हंट मावशीनी जिकेल शे. सगळ्या चिठ्ठ्या एकटीनी शोध्यात! कोनती टीम असं करी दाखवी?" मैदान टाळ्यांनी दुमदुमलं. त्यानं मला एक खोकं दिलं. ते उघडायच्या आधी मी कानाशी धरून हलवून बघितलं. त्यावर पोरं पुन्हा हसली. आत पेढे होते. घरी ह्यांना दोन दिले. त्यांनी विचारलं, "हे खायला चालतील ना? तपासलेस ना?"

संमेलनाच्या दिवशी गेटवर एक जोडपं येऊन उभं राहिलं. धडगावहून जीपमध्ये दाटीवाटीनं आलेलं, अंगावर घाटातली धूळ. बापाच्या डोक्याला फेटा, आईच्या गळ्यात चांदी, तिच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. मी सवयीनं विचारलं, यात काय आहे? आईला माझं बोलणं कळलं नाही. तिनं गाठोडं माझ्या हातात दिलं. आमचूर होता.

"पोरीनं सांगितलं," बाप जमेल तसं मराठी बोलला, "गेटवर ताई आहे. तिला द्या. ती जागेवर बसवंल." मग त्यानं स्टेजकडं बोट केलं. "प्रमिला कवा बोलंल? माइकमधी?"

निवेदन गेल्याचं तिनं घरी कळवलंच नव्हतं. का, ते मला आजही नक्की माहीत नाही. कदाचित त्यांचं येणं मोडायला नको म्हणून. मी म्हणाले, "आज तिच्याकडं आतलं काम आहे, स्टेजमागचं. मोठं काम आहे." बापानं मान हलवली आणि बायकोला त्यांच्या भाषेत सांगितलं. मी त्यांना मधल्या रांगेत बसवलं आणि गेटवर परत आले. तिथून त्यांची पाठ दिसत होती. कुणीही माइक हातात घेतला की आईची मान वर व्हायची. नाटुकल्याच्या आधी, नाचाच्या आधी, बक्षिसांच्या आधी. प्रत्येक वेळी नवं कुणीतरी असायचं आणि मान हळूहळू खाली यायची. प्रमिला मागं खुर्च्या उचलत होती.

आता ती पुण्याला शिकते. मध्येच फोन करते. मी उचलल्या उचलल्या विचारते, "काय झालं?" ती म्हणते, "काही नाही ताई, असाच केला." असाच केलेला फोन असतो, हे मला अजून पूर्ण पटत नाही, पण मी पहिल्यापेक्षा जास्त वेळ बोलते. ह्यांना आता कांडपापासून लांबचं, गोदामावर बसून राहायचं काम मिळालंय. मी अजून गेटवर आहे. या वर्षीही पोरं पत्र्याखाली वाकतायत, एकानं काल मला विचारलं, तुम्ही जेवायला कधी जाता. मी सांगितलं. सांगितल्यावर तिकडं बघत राहिले ते वेगळं.

प्रमिला, हे तुझ्यापर्यंत पोचेल की नाही माहीत नाही. तू त्या दिवशी माझ्यासाठी काय सोडलंस ते मी तुझ्या आईच्या मानेवरून बघितलंय. तू कधीतरी, कुठल्यातरी सभागृहात बोलायला उभी राहशील. तेव्हा आधी मला कळव. मी रजा काढीन, धडगावला जाईन, तुझ्या आईबापाला घेऊन येईन आणि सगळ्यात पुढच्या रांगेत बसवीन. तू माइक हातात घेशील तेव्हा तुझ्या आईशेजारी मी असेन. एवढं माझ्याकडं लागलं.